रानडुकराला घर कोणी बांधून दिले?

हुरड्याच्या दिवसांत बार्शी, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर यांपैकी कुठल्याही तालुक्यातल्या गावी रात्री नऊनंतर जा. शिवारात बॅटरीचे झोत फिरताना दिसतील. कुठे पत्र्याचा डबा वाजतो आहे, कुठे कर्ण्यावर कुत्र्याचे भुंकणे लावून ठेवले आहे. बांधाला जुनी लुगडी ताणलेली, न्हाव्याच्या दुकानातून पोते भरून आणलेले केस ज्वारीच्या कडेने पसरलेले. आमच्या लहानपणी ज्वारीची राखण दिवसाची होती, ती पाखरांसाठी. गोफण घेऊन पोरे माळ्यावर चढत आणि दिवेलागणीला घरी येत. आता दिवसा पाखरे आणि रात्री डुकरे. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्रभर जागायचे आणि पुन्हा सकाळी कामाला लागायचे. या जागरणाची मजुरी ज्वारीच्या उत्पादनखर्चात कोणी धरल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

डुक्कर ज्वारी खाते त्यापेक्षा लोळवते जास्त. कणसात दूध भरले की कळप शिरतो, ताटे छातीने रेलून पाडतो, चार कणसे चघळतो आणि पुढच्या तासाला लागतो. एका रात्रीत अर्धा एकर आडवा होतो. पडलेल्या ताटाला पुढे दाणा भरत नाही आणि त्याचा कडबाही चिखलात जातो. कोरडवाहू माणसाला ज्वारी म्हणजे भाकरी तर आहेच, पण जनावराची वर्षाची वैरणही तीच आहे. मालदांडी अजून आपल्या रानात टिकून आहे ती बरीचशी कडब्यासाठी. नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा दाण्याचा अंदाज निघतो, कडब्याच्या पेंढ्या मोजायचे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

कापूसवाल्या भावांनी हा ज्वारीवाल्यांचा प्रश्न म्हणून कानाआड करू नये. डुकराला कापसाचे बोंड फारसे गोड लागत नाही हे खरे, पण कापसाच्या ओळींत तूर, मूग किंवा भुईमूग घेतला असेल तर ते आधी तिथेच नाक खुपसते आणि भुईमुगाबरोबर कापसाची झाडेही उपटून टाकते. दाट वाढलेल्या कापसात कळप दिवसा पडून राहतो, ही गोष्ट वेचणीला जाणाऱ्या बायांना विचारा. पिल्ले घेतलेली मादी अंगावर येते तेव्हा पळायला पाटात जागा नसते.

या कारणाने भुईमूग सोडलेली घरे आम्हाला ठाऊक आहेत. मका सोडलेलीही आहेत. शेतकरी पीक का सोडतो याची कारणे सांगताना पाऊस, भाव आणि मजूर एवढ्यावरच आपण थांबतो. त्या यादीत डुकराचे नाव घालायला हवे.

आता मुद्द्याचे बोलू. जगात रानडुकराबद्दल पुष्कळ लिहिले जाते, आणि त्यातले बरेचसे आपल्याकडे जसेच्या तसे आणून चिकटवले जाते. तिकडे ते उपरे जनावर आहे. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर मूळचे डुक्कर नव्हतेच. प्रथम पॉलिनेशियन दर्यावर्दी लोकांनी लहान चणीची डुकरे होड्यांतून नेली, आणि १७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचल्यानंतर युरोपातली मोठी डुकरे आली. ती डोंगरावरच्या ओल्या जंगलात शिरली. तिथे माणसाहून उंच वाढणारे नेचे आहेत. त्यांच्या खोडात पिठूळ गर असतो. डुकरांनी खोडे पाडून गर खाल्ला, पोकळ खोडात पावसाचे पाणी साचले, त्या पाण्यात डास झाले, आणि डासांनी पाखरांचा हिवताप जंगलभर पसरवला. हे डासही बोटींतून आलेले उपरेच. त्या बेटांवरची, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली पाखरे अशी मेली. उरलेली उंच, थंड भागात तग धरून आहेत, कारण तिथवर डास पोचत नाही. डुकराने पाखराला तोंडही लावले नाही आणि पाखरू गेले!

अमेरिकेतली दुसरी गोष्ट अशीच. १९१२ साली उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरात काही हौशी धनिकांनी शिकारीसाठी युरोपातून रानडुकरे आणून कुंपणात सोडली. काही वर्षांत ती कुंपण फोडून पसार झाली आणि पुढे ग्रेट स्मोकी पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानात शिरली. तिथल्या बीचच्या झाडांखालची माती ती नांगरल्यासारखी उकरतात, कंद आणि वसंतातली रानफुले मुळासकट जातात, पालापाचोळ्याखाली राहणारे बारीकसारीक जीव निराधार होतात. १९५९ पासून ते उद्यान डुकरे पकडते आहे, मारते आहे, आणि काम अजून संपलेले नाही.

आपल्याकडचे डुक्कर मात्र उपरे नाही. ते या मातीतलेच, दशावतारात मान मिळालेले. बालाघाटाच्या रांगांत, रामलिंगाच्या घाटात, ओढ्याकाठच्या झाडीत ते आपल्या आज्यापणज्यांच्या आधीपासून आहे. जंगलात त्याचे कामही आहे. ते माती उलथते, पडलेले फळ खाऊन बी दूर नेते, मेलेले जनावर साफ करते, मोठ्या श्वापदाचे खाद्य होते. आपल्या उसाला लागणारी हुमणी ते आवडीने खाते, हेही त्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. म्हणून परदेशातला उपाय आणून इथल्या डुकराचा निर्वंश करा, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. घाटातले, ओढ्याकाठचे हे जनावर उघड्या माळावर कसे आले? सोलापूरच्या माळावर झाड शोधावे लागे. सावलीला बसायला जिथे माणसाला जागा नव्हती तिथे डुकराच्या कळपाला घर कोणी बांधून दिले?

या घराच्या तीन भिंती आम्हाला दिसतात.

पहिली उसाची. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि जिल्ह्याचा नकाशा बदलला. आज जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो. आत ओल, सावली, खायला गोड कांडे, आणि माणसाची वर्दळ नाही. डुकराला यापेक्षा चांगले जंगल घाटातही मिळायचे नाही. ऊस लावणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. ज्या पिकाला पाणी आणि खात्रीचे गिऱ्हाईक दोन्ही मिळते तिकडे शेतकरी जाणारच, आणि ज्वारीला भाव मिळाला असता तर सगळा जिल्हा उसाच्या मागे धावला नसता. पण परिणाम सोसायचा कोणी? कारखान्याची तोड सुरू झाली की कळप फडातून बाहेर पडतो आणि नेमका त्याच सुमारास शेजारच्या कोरडवाहू रानात हुरडा आलेला असतो. आणखी एक गोष्ट. सगळे शिवार ज्वारीचे होते तेव्हा नुकसान शंभर घरांत वाटले जाई. आता उसाच्या मधोमध दोन एकर ज्वारी उरली की सगळी भूक त्या दोन एकरांवर येते.

दुसरी भिंत वेड्या बाभळीची. ही मात्र खरी उपरी. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले हे झाड एकोणिसाव्या शतकात इंग्रज अमलात हिंदुस्थानात आले, आणि कोरड्या मुलखाला जळण मिळेल म्हणून सरकारी खात्यांनी ते गावोगाव लावले. जळण मिळाले, ते नाकारत नाही. दुष्काळात कित्येक चुली तिच्यावर पेटल्या. पण ती गायरानात शिरली, तळ्याच्या पोटात शिरली, ओढे बुजवून बसली. तिच्या खाली गवत येत नाही. शेंगा गोड असतात. शेळ्या खातात, डुकरेही खातात, आणि टणक बी पोटातून जसेच्या तसे बाहेर पडून शेणाच्या खतावर उगवते. म्हणजे बाभूळ डुकराला आसरा देते आणि डुक्कर बाभळीची पेरणी करते. असा पैरा माणसांमध्येही हल्ली पाहायला मिळत नाही.

तिसरी भिंत सरकारने जाणूनबुजून बांधली. सत्तरच्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्राचा कार्यक्रम आला. त्यात माळावर झाडे लावायची टूम निघाली. नान्नजच्या परिसरातल्या गवताळ रानांत गिरीपुष्प आणि तत्सम झाडांचे पट्टेच्या पट्टे उभे राहिले. माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे वाया गेलेली जमीन, आणि तिच्यावर झाड लावले की पुण्य, असा त्यामागचा हिशेब. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते म्हणजे वाया गेलेली जमीन नव्हे, तेच आपल्या जनावरांचे ताट होते, हे कोणाला गुराख्याला विचारावेसे वाटले नाही.

गंमत म्हणजे याच माळावर १९७९ साली माळढोक पक्ष्याचे अभयारण्य जाहीर झाले. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. गावे, रस्ते, बाजारपेठा, आपली उभी पिके सगळे त्यात. जमिनीचा मोठा भाग खासगी. खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत प्रत्येक गोष्टीला परवानगीचा फास लागला. जमीन आपली, सातबारा आपला, पण मुलीच्या लग्नाला एक एकर विकायचे तर पक्ष्याच्या नावाने अर्ज. तीस वर्षांहून अधिक काळ माणसांनी हे सोसले तेव्हा कुठे क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर आले.

आणि ज्याच्यासाठी हे केले तो माळढोक? तो उघड्या गवतातला पक्षी. जमिनीवर, काडीचेही घरटे न करता, बहुधा एकच अंडे घालतो. त्याला चहूकडे लांबवर दिसायला लागते. दाट झाडी म्हणजे त्याच्या दृष्टीने दडून बसलेला शत्रू. आपण त्याच्या माळावर झाडी लावली, झाडीत डुकरे वाढली, आणि जमिनीवरचे अंडे डुक्कर सोडत नाही, तितराचे असो, टिटवीचे असो की माळढोकाचे. माळढोक एकट्या डुकरामुळे गेला असे आम्ही म्हणत नाही. शिकार होती, कुत्री होती, विजेच्या तारा होत्या, माळ मोडून झालेली शेती होती, आणि त्या शेतीत आपणही होतो. पण नान्नजला आज माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. डुक्कर मात्र रोज दिसते, त्याची बातमी होत नाही.

हवाईच्या जंगलात जे उपऱ्या डुकराने केले तेच इथे घरच्या डुकराकडून उपऱ्या झाडांनी करवून घेतले. अभयारण्याचा जाच सोसणारा शेतकरी आणि त्याच अभयारण्यातून हुसकला गेलेला पक्षी, या दोघांची फिर्याद मुळात एकच आहे. शहरातले पक्षिमित्र आणि आपण गेली कित्येक वर्षे एकमेकांना शत्रू समजत आलो. माळावरचे गवत परत यावे, बाभूळ आणि लावलेली झाडी जावी, ही मागणी दोघांनीही करायला हरकत नाही. त्यांच्या बैठकीला जाऊन हे सांगायची आमची तयारी आहे.

डुकराला आवर घालणारे जंगलातले प्राणीही उरले नाहीत. लांडगा आपल्या माळावर अजून आहे, पण थोडा. तो पिल्लू उचलेल, भरल्या सुळ्याच्या नराच्या वाटेला जाणार नाही. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ येडशी-रामलिंगच्या रानात आणि बार्शी तालुक्यात फिरला तेव्हा सगळीकडे घबराट झाली, आणि ती रास्तच होती, त्याने गुरे मारली. तरी पारावर एक म्हातारा म्हणाल्याचे आम्ही ऐकले की, आला तसा चार डुकरे तरी खाऊन जाऊ दे. विनोद म्हणून सोडून देण्याजोगे हे बोलणे नव्हे.

कायद्याकडे वळू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झाला तर परवानगी देऊन ते मारता येते, तशी तरतूद कलम ११ मध्ये आहे, आणि २०१५ साली राज्याने रानडुक्कर व नीलगाईसाठी या परवानगीची पद्धतही ठरवून दिली. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. पण मारायचे कशाने? कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात बंदूक नाही. गावात एखाद्याकडे परवान्याची असली तर निवडणूक आली की ती ठाण्यात जमा. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक पंचायतींच्या प्रमुखांकडे दिला आणि परवानाधारक नेमबाजांची मदत घेतली. डुकराला उपद्रवी प्राणी जाहीर करा ही त्यांची मागणी केंद्राने मान्य केली नाही. बिहारमध्ये २०१५ साली आणि उत्तराखंडात २०१६ साली ठराविक जिल्ह्यांत एकेका वर्षापुरते तसे जाहीर झाले होते. आपल्याकडेही ग्रामपंचायतीला हा अधिकार मिळावा असे आमचे मत आहे. पण एवढ्याने भागेल असे कोणी समजू नये. मादी चार महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिल्ले देते, आणि ती पिल्ले वर्षा-दीड वर्षात स्वतः विण्याजोगी होतात. घर तसेच ठेवून कळप मारला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा भरतो. बंदूक हवी, पण कुऱ्हाड आधी हवी, आणि ती बाभळीवर.

आता एक कडू गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे. काही ठिकाणी बांधाला तार ओढून तिच्यात थेट खांबावरचा करंट सोडला जातो. काही ठिकाणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब घालून ठेवतात. आम्ही हे ऐकून न ऐकल्यासारखे करत आलो, कारण करणारा आपला असतो आणि त्याचे जळालेले पोट आम्हाला दिसते. पण त्या तारेला कोण चिकटते? शेतीच्या पंपाला वीज रात्री मिळते. दारे धरायला अंधारात निघालेला शेजारी, त्याच्या मागून भाकरी घेऊन आलेला मुलगा, वाट चुकलेली म्हैस. बॉम्ब तोंडात फुटलेली गाय चार-चार दिवस चारा-पाण्यावाचून तडफडते. तार लावणारा सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात जातो आणि एका रात्रीत दोन घरे उठतात, मेलेल्याचे आणि लावणाऱ्याचे. अशा तारेची तरफदारी ही चळवळ करणार नाही. झटका मशीन वेगळे. त्यात क्षणभराचा ठोका बसतो, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. ते बॅटरीवर किंवा सौर पाटीवर चालते. मात्र हेच मशीन बाजूला ठेवून त्याची तार थेट मेन लाइनला जोडणारे महाभाग आहेत, त्यांना शेजाऱ्यांनीच अडवले पाहिजे. झटका मशीन एकट्याने दोन एकराला लावणे महाग पडते आणि डुक्कर शेजाऱ्याकडे वळते, एवढेच होते. दहा-बारा जणांनी मिळून सगळ्या पट्ट्याला वेढा घातला तर खर्च वाटला जातो. त्यासाठी बांधाचे भांडण चार महिने बाजूला ठेवावे लागेल. हे मशीन बसवण्याहून अवघड आहे, आम्हाला कल्पना आहे.

भरपाईचे दोन मार्ग आहेत. वन खात्याकडून मिळणाऱ्या भरपाईसाठी नुकसानीनंतर तीन दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. एका गावातल्या आमच्या कार्यकर्त्याचा अर्ज अशा कारणाने परत आला की, मधे दोन दिवस सुटी होती आणि कार्यालयाला कुलूप होते. तेव्हा अर्ज तोंडी सांगून येऊ नका, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. दुसरा मार्ग पीकविम्याचा. वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून जोड संरक्षण म्हणून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत घ्यायचे केंद्राने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. त्यात नुकसानीची खबर ७२ तासांत मोबाईलवरून, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह द्यायची आहे. यात एक मेख आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे किंवा मंडळे धरायची हे राज्याने अधिसूचनेने ठरवायचे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंडळांसाठी रानडुक्कर त्या यादीत नसेल तर केंद्राच्या घोषणेचा आपल्याला उपयोग शून्य. यादी ठरते ती कागदावरच्या नोंदींवरून. आपण मात्र अर्जच करत नाही. शंभर रुपये मिळवायला तीन खेपा घालाव्या लागतात म्हणून लोक नाद सोडतात, आणि मग सरकारी दफ्तरात लिहिले जाते की या भागात डुकरांचा उपद्रव नाही. न केलेला प्रत्येक अर्ज आपल्या विरुद्धचा पुरावा होतो.

पुढच्या जिल्हा बैठकीत याच विषयाला पहिला तास दिला आहे. प्रत्येक गावाने एका वहीत नोंद करून आणावी: कोणत्या गटात, कोणत्या तारखेला, किती ज्वारी, मका, भुईमूग किंवा कापूस गेला, कडब्याच्या अंदाजे किती पेंढ्या गेल्या, अर्ज दिला की नाही, दिला तर पोच कुठे आहे. गायरानात, तळ्यात आणि वन खात्याच्या हद्दीत वेडी बाभूळ किती एकरांवर पसरली आहे तेही तलाठ्याच्या नकाशावर पेन्सिलीने दाखवून आणा. ती काढून तिथे गवत लावण्याचे काम रोजगार हमीतून मागायचे असेल तर ग्रामसभेचा ठराव लागेल. ठरावाचा मसुदा या अंकाच्या मागच्या पानावर छापला आहे, गावाचे नाव तेवढे घालायचे. आणि वही लिहायला घरातल्या बायांना बसवा. कोणत्या रात्री कोण जागले, हे त्यांना बरोबर आठवते.